कॅरव्हॅनला एकविसावं लागलं

१२ जून २००६, सोमवार. बायकांच्या शॉवरच्या जाळ्यांमधले केस काढायचे होते. हॉलिडे पार्कमध्ये मॅनेजर म्हणवून घेणाऱ्या बाईला हे काम करावं लागतं, हे इकडे भारतात कुणाला सांगितलं की ते आधी हसतात, मग गप्प होतात. मला त्यात काही वाटत नसे. जाळी तुंबली की पाणी बाहेर येतं, पाणी बाहेर आलं की कुणीतरी घसरतं, आणि घसरलेल्या माणसाशी बोलत बसण्यापेक्षा केस काढलेले बरे. रबरी हातमोजे, जुनी पक्कड आणि बादली, एवढंच सामान लागतं.

तिसऱ्या जाळीशी होते तेव्हा बाहेरून ग्रेगची हाक आली. "सू, मिनिटभर येतेस का?" माझं नाव सुषमा, पण तिथं पहिल्या आठवड्यातच त्याचं सू झालं. ग्रेग आमचा नवा मालक. ईस्टरच्या सुमाराला त्यानं पार्क विकत घेतला. ऑकलंडचा, चाळिशीतला, दात फार पांढरे. माणूस वाईट नव्हता. बायकांच्या शॉवरच्या दारापासून चांगली दहा पावलं दूर उभा होता आणि त्याच्या हातात माझं रजिस्टर होतं.

"हे तू केलंस?" त्यानं पान उघडून विचारलं. पानावर एका रकान्यावर बोट ठेवलं होतं.

"हो."

"सोनं आहे हे," तो म्हणाला. "एक जुलैपासून वीस वर्षांवरची एकही गाडी इथं नको. मोटरहोम, कॅरव्हॅन, बस, काहीही. आणि कोण कोण जाणार ते तू आधीच लिहून ठेवलंयस."

मी हबकले. हातमोज्यांतून पाणी गळत होतं, ते तसंच गळू दिलं.

हा रकाना काय होता ते सांगायला हवं. न्यूझीलंडला जाण्याआधी पुण्यात अकरा वर्षं मी वाहनविम्याच्या ऑफिसात होते. तिथं कुठल्याही गाडीचा कागद हातात आला की आधी पाहायचं ते बनावटीचं साल. मालक कोण, रंग कुठला, हे मागाहून. ती सवय हाडात मुरलेली. पार्कमध्ये लागले तेव्हा जुन्या मालकाच्या रजिस्टरात तीनच रकाने होते: प्लॉट, नाव, नंबर प्लेट. मी चौथा आखला, साल. कुणी सांगितलं नव्हतं. कुणाला त्याचा उपयोगही नव्हता. रकाना मोकळा असलेलं रजिस्टर मला उघडं वाटे, एवढंच कारण. सहा वर्षांत कुणी त्या रकान्याकडे वळून पाहिलं नाही. आणि ज्या माणसानं पाहिलं, त्यानं ते असं पाहिलं.

इथल्या वाचकांसाठी थोडं सांगते. न्यूझीलंडमध्ये माणसं घर ओढत फिरतात. कॅरव्हॅन म्हणजे गाडीमागे जोडायची चाकांवरची खोली, मोटरहोम म्हणजे इंजिनासकट खोली. हॉलिडे पार्कमध्ये ती आणून लावायची, विजेच्या खांबाला वायर जोडायची, अंघोळ आणि स्वयंपाक सगळ्यांच्या सामायिक जागेत करायचा. बरेच जण चार दिवस राहून जातात. पण काहींचा प्लॉट वर्षाचा असतो. त्यांची गाडी कायम तिथंच उभी, समोर तंबूचा व्हरांडा, कुंडीत टोमॅटो, दाराशी चार जोड जँडल्स, म्हणजे आपल्या साध्या रबरी सपाता. कायदेशीररीत्या तिथं कायमचं घर करता येत नाही, म्हणून ही मंडळी मधूनमधून मुलांकडे जाऊन येतात. पण विचारलं तर पत्ता आमचाच सांगतात.

आमचा पार्क हॅमिल्टनहून तासाभराच्या अंतरावर, पश्चिम किनाऱ्याला, काळ्या वाळूजवळ. गावाचं नाव लिहीत नाही, तिथं सगळे सगळ्यांना ओळखतात. मी हॅमिल्टनच्या रोटोटुना या उपनगरातून रोज गाडीनं जात असे.

जुन्या गाड्या नकोत या म्हणण्यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. माझ्या डोळ्यांदेखत एका जुन्या बसच्या छतातून धूर आला होता. आत लाकडाची शेगडी, चिमणी पत्र्याची, आणि पत्रा गंजून गेलेला. बसमधला दाढीवाला गृहस्थ शांतपणे बाहेर येऊन म्हणाला, "शी विल बी राइट." म्हणजे होईल सगळं नीट. मी फायर होज घेऊन धावले आणि त्याला सांगितलं, "ती होईल नीट, आधी तुम्ही बाजूला व्हा." दुसऱ्या एका कॅरव्हॅननं लागोपाठ तीन रात्री अर्ध्या पार्कची वीज घालवली होती. मालकिणीनं उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला हीटर वापरला होता, का, ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

पण सगळ्यात मोठा धक्का मला जुन्या गाडीनं दिला नाही. जानेवारीतली गोष्ट. शोरूममधून आणलेली, अजून आत प्लॅस्टिकचा वास असलेली मोटरहोम. नवराबायको नीटनेटके, पांढरे कपडे. या गाड्यांच्या संडासाला खाली एक पेटी असते, ती ठरलेल्या जागी नेऊन रिकामी करायची. सकाळी मी सामायिक स्वयंपाकघरात गेले तर हा गृहस्थ ती पेटी भांडी घासायच्या सिंकमध्ये ओतत होता. शेजारच्या सिंकमध्ये एक बाई मुलांच्या वाट्या धूत होती. तो मला पाहून हसून म्हणाला, "पाणी जोरात सोडलं की जातं सगळं." त्या दोन्ही सिंक मी दिवसभर बंद ठेवल्या आणि तीनदा ब्लीच केल्या. त्या गाडीचं वय चार महिने होतं.

हे मी ग्रेगला सांगितलं. तो म्हणाला, "ते एखाददुसरं. जुन्या गाड्या दिसतात, सू. गेटातून आत येणाऱ्याला आधी त्या दिसतात." खरं कारण ते होतं, आणि मोकळ्या झालेल्या प्लॉटांवर त्याला भाड्यानं द्यायच्या केबिन टाकायच्या होत्या. आग, वीज हे सगळं मागचं.

मी भांडले, पण माझ्या पद्धतीनं. रडारड जमत नाही, कागद जमतो. त्याच्या नियमात एक वाक्य घालून घेतलं: वार्षिक प्लॉटवरची जी गाडी एक जुलैला वीस वर्षांच्या आत असेल, ती मालक प्लॉट सोडेपर्यंत तिथंच राहील, पुढे तिचं वय कितीही होवो. ग्रेगला ते वाक्य आवडलं नाही, पण वकिलाला आवडलं. त्या एका वाक्यावर मी फार खूश होते. माझ्या मते मी निम्मा पार्क वाचवला होता.

"मग सालाशेजारी वय लिहून दे," ग्रेग म्हणाला. "मला वजाबाकी करत बसायला लावू नकोस."

इथं अण्णा येतात. अण्णा म्हणजे माझे सासरे. कराडला बियाण्यांचं दुकान चालवलं त्यांनी आयुष्यभर. सासूबाई गेल्यावर वर्षातले सहा महिने आमच्याकडे यायचे. रोटोटुनात दिवसभर घरात बसून काय करायचं? नवरा कामावर, लेक सई शाळेत, रस्त्यावर माणूस दिसत नाही. म्हणून आठवड्यातले दोन-तीन दिवस मी त्यांना पार्कवर घेऊन जायचे. ऑफिसात हीटरजवळ खुर्ची टाकून ते बसत. स्वेटर, मफलर, माकडटोपी.

तिथं त्यांना ट्रेव्ह भेटला. ट्रेव्ह आणि नोलीन, प्लॉट नंबर चौदा. ट्रेव्ह हंटलीच्या कोळसाखाणीतून निवृत्त झालेला, त्याची बायको नोलीन शाळेच्या कँटीनमधून. हंटलीतलं घर त्यांनी मुलीला देऊन टाकलं होतं आणि समुद्राजवळ नऊ वर्षं कॅरव्हॅनमध्ये राहत होते. पांढरी गाडी, मधोमध तपकिरी पट्टा. तिचा एकेक स्क्रू ट्रेव्हनं हातानं बदललेला. दर सहा महिन्यांनी ज्याचं नूतनीकरण करावं लागतं ते वाहनतपासणीचं वॉरंट त्याचं कधी एक दिवस उशिरा झालं नाही. मी तपासत असे, म्हणून सांगते.

ट्रेव्ह आणि अण्णा रमी खेळायचे. अण्णांचं इंग्रजी बियाण्यांच्या पाकिटावरचं, ट्रेव्हचं तोंडातल्या तोंडात. तरी दोघांचं तासन् तास चाले. "यू आर हायडिंग जोकर," अण्णा म्हणत. "प्रूव्ह इट, मेट," ट्रेव्ह म्हणे. गुण लिहायचं काम अण्णांचं. त्यांचे आकडे टपोरे आणि सुरेख, पण इंग्रजी दोनाला मराठी दोनाची शेपटी यायची आणि एकाच्या पायाशी एक आडवी रेघ.

ट्रेव्ह बायकोला सांगून यायचा, "ॲनाकडे चाललो पत्ते खेळायला." चौथ्या दिवशी नोलीन ऑफिसात आली. लिपस्टिक लावून आली होती. "सू," ती म्हणाली, "ही ॲना कोण ते मला जरा बघायचंय." मी हीटरजवळच्या खुर्चीकडे बोट केलं. अण्णांनी माकडटोपी काढून नमस्कार केला. नोलीननं दोन मिनिटं त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ठीक आहे. हिला जेवायला बोलवायला हरकत नाही."

तर त्या जूनमध्ये पाहुण्यांची वर्दळ नव्हती, पण छप्पर गळत होतं, प्लंबर येणार होता आणि माझ्याकडे वेळ नव्हता. मी रजिस्टर अण्णांच्या पुढ्यात ठेवलं. "अण्णा, या सालांपुढे गाडीचं वय लिहाल का? ऑफिसला हवंय." का हवंय ते सांगितलं नाही. त्यांनी चष्मा पुसला, टोकदार पेन्सिल मागितली आणि दुपारपर्यंत सगळा रकाना भरून दिला. मी वरवर दोन-तीन ओळींवरून नजर फिरवली. मनात मोजलं, बरोबर वाटलं.

ट्रेव्हच्या गाडीपुढे साल होतं १९८६. अण्णांनी लिहिलं होतं २१.

ते पाहून मला वाईट वाटलं. एका वर्षानं हुकलं, असं मनात आलं. आणि मी पान ग्रेगला दिलं.

ग्रेगनं अकरा जणांना पत्रं पाठवली. प्रत्येक पत्राला रजिस्टरच्या त्या पानाची झेरॉक्स जोडली, ज्याची त्याची ओळ पिवळ्या शाईनं रंगवून. ऑगस्टअखेरपर्यंत गाडी हलवा. अकरापैकी बहुतेक जण माझ्या टेबलाशी येऊन बोलून गेले. एकानं मला नको नको ते ऐकवलं. एका म्हातारीनं फक्त विचारलं, "माझ्या वयाचा पण रकाना आहे का?"

ट्रेव्ह आला तो तिसऱ्या दिवशी. पत्र हातात. मी तयारीत होते, त्याला कुठला दुसरा पार्क सुचवायचा त्याची यादी काढून ठेवली होती.

"फेअर इनफ, सू," तो म्हणाला.

"ट्रेव्ह, तुम्हाला काही विचारायचं असेल तर—"

"नाही. फेअर इनफ." त्यानं पत्राची घडी केली, खिशात ठेवली. मग हीटरजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून विचारलं, "तो बरा आहे ना?"

"सर्दी झालीय. घरी आहेत."

"हं," तो म्हणाला आणि गेला.

आठवड्याच्या आत त्यांनी गाडी हलवली. मुदतीची वाट पाहिली नाही. प्लॉट सोडल्याचा फॉर्म मी त्याला दिला होता, तो सही न करता टेबलावर ठेवून गेला. मला वाटलं विसरला असेल. फॉर्म ट्रेमध्ये टाकला, पुढे पाठवला नाही. कोण म्हणेल दयेनं, पण खरं म्हणजे अपुरा कागद मी पुढे पाठवत नाही.

अण्णांना सांगितलं, ट्रेव्ह मुलीकडे राहायला गेला. खोटं नव्हतं. "न सांगता?" अण्णांनी विचारलं. "तुम्ही आजारी होतात ना," मी म्हटलं. त्यानंतर त्यांनी पार्कवर यायचं कमी केलं. पत्ते कपाटात गेले.

आता सप्टेंबर. दहा तारीख, रविवार. सईचा वाढदिवस. पुऱ्या, बटाट्याची भाजी, श्रीखंड. तिथं दही टांगून ठेवायला चक्क्याचं फडकं मिळत नसे, मी मलमलची ओढणी वापरायची. मी पुऱ्या तळत होते, बाकीचे जेवायला बसले होते.

अण्णा सईच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाले, "आमच्या सईला तेरावं लागलं हो."

सई म्हणाली, "नो, आजोबा. आय ॲम ट्वेल्व्ह."

"बारा झाली. तेरावं लागलं."

"पण मग मी थर्टीन नाहीये ना. लास्ट इयर पण तुम्ही ट्वेल्व्ह म्हणालात. मॉम, टेल हिम. आय ॲम ट्वेल्व्ह फॉर अ होल इयर."

माझा झारा कढईत तसाच राहिला. पुरी करपली.

मी गॅस बंद केला आणि बाहेर येऊन विचारलं, "अण्णा, गाड्यांची वयं तुम्ही कशी मोजलीत?"

"कशी म्हणजे?" त्यांनी डावा हात पुढे केला आणि अंगठा करंगळीच्या पेरावर ठेवला. "शहाऐंशीला पहिलं, सत्त्याऐंशीला दुसरं, अठ्ठ्याऐंशीला तिसरं..." पेरांवरून अंगठा फिरत गेला. "दोन हजार सहाला एकविसावं चालू. का?"

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. आपण असंच मोजतो. मुलाला पाचवं लागलं, म्हशीला तिसरं वेत, लग्नाला विसावं चालू. चालू वर्ष धरायचं. मीही मनात तसंच मोजलं होतं, म्हणून तर मला ते बरोबर वाटलं. पुण्याच्या ऑफिसात अकरा वर्षं मी पूर्ण वर्षं मोजली, आणि एका दुपारी प्लंबरची वाट बघताना घरच्यासारखं मोजून मोकळी झाले. ट्रेव्हच्या गाडीची पहिली नोंदणी ऑक्टोबरातली होती. वॉरंट तपासताना त्याचे कागद मी दहा वेळा पाहिले होते. एक जुलैला ती गाडी एकोणीस वर्षं आठ महिन्यांची होती. एकवीस सोडा, वीसही नव्हती. मी भांडून घालून घेतलेल्या वाक्यानं तिला मरेपर्यंत तिथं राहता आलं असतं.

मी खुर्चीवर बसले. नवऱ्यानं पाण्याचा पेला पुढे केला, तो मी हातातच धरून ठेवला.

"कुणाची गाडी होती ती?" अण्णांनी विचारलं. मग स्वतःच आठवलं. "चौदा नंबर. ट्रेव्ह."

मी सगळं सांगितलं. नियम, पत्र, पिवळी शाई. लपवण्यात अर्थ नव्हता. अण्णांनी हातातली पुरी ताटात ठेवली, उठून हात धुतला, आणि दाराजवळची माकडटोपी घेतली.

"चल," ते म्हणाले.

"अण्णा, जेवण—"

"सुषमा, गाडी काढ."

रोटोटुनाहून हंटली अर्ध्या तासाच्या आत. वाटेत ते एकदाच बोलले. "त्याला काय वाटलं असेल?" मी म्हटलं, त्याला कळलंच नसेल. तेव्हा माझी तशी समजूत होती.

ट्रेव्ह मुलीच्या गॅरेजमध्ये होता. गॅरेजचीच खोली केली होती, जमिनीवर गालिचा, एका बाजूला पलंग, दुसऱ्या बाजूला नातवंडांच्या सायकली. नोलीन इस्त्री करत होती. आम्हाला पाहून तिनं इस्त्री उभी ठेवली.

मी उभ्यानंच सांगितलं. प्रस्तावना मला जमत नाही. "ट्रेव्ह, तुमच्या गाडीचं वय चुकीचं लिहिलं गेलं. ती वीसच्या आत होती. तुम्हाला जायला नको होतं. चूक माझी."

ट्रेव्हनं मान हलवली. "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"ऑक्टोबर शहाऐंशी. माझीच गाडी ना, सू. मला वजाबाकी येते."

"मग बोलला का नाहीत?"

त्यानं अण्णांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तो दोन. शेपटीवाला. आणि पायात रेघ असलेला एक. रोज तासभर तेच आकडे बघायचो मी, सगळे माझ्याविरुद्ध. म्हटलं, हा माणूस बेरजेत कधी चुकत नाही. हा सुनेच्या घरी राहतो, सुनेला नवा बॉस आलाय. त्यानं एकवीस लिहिलं असेल तर कुणाला तरी एकवीस हवं असेल. मी तक्रार केली असती तर निस्तरायला तुम्ही दोघं होतात."

नोलीन म्हणाली, "मी त्याला सांगितलं, जाऊन विचार. म्हणाला, मित्राला असं विचारत नाहीत."

दोन महिने हा माणूस असं समजून गॅरेजमध्ये राहिला होता की त्याच्या मित्रानं आमच्या पोटासाठी त्याला बाहेर काढलं. आणि तसं समजूनही त्यानं तोंड मिटून घेतलं. विम्याच्या ऑफिसात मी खोटे अपघात पाहिले, पेटवलेल्या गाड्या पाहिल्या. असं काही मी पाहिलं नव्हतं.

अण्णांना सगळं कळलं नव्हतं, पण आकड्यांचं बोलणं चाललंय एवढं कळलं. ते पुढे झाले आणि ट्रेव्हसमोर हात धरला. अंगठा करंगळीच्या पेरावर. "एटी सिक्स, वन. एटी सेव्हन, टू." असं करत एकविसापर्यंत गेले. ट्रेव्ह त्यांच्या अंगठ्याकडे बघत होता.

"इन अवर प्लेस," अण्णा म्हणाले, "रनिंग इयर."

मी समजावून सांगितलं. जन्मलेल्या दिवशीच आपल्याकडे पहिलं वर्ष लागतं.

"म्हणजे मी किती वर्षांचा?" ट्रेव्हनं विचारलं.

"एकाहत्तर ना तुम्ही? बहात्तरावं चालू."

"ब्लडी हेल," तो म्हणाला. "नोलीन, तू तर—"

"माझं काढू नकोस," नोलीन म्हणाली.

मग मी कामाचं विचारलं. गाडी कुठं आहे? मुलीच्या सासऱ्यांची डेअरी फार्म होती, म्हणजे खरीखुरी गाईंची. तिकडे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानालाही डेअरी म्हणतात. वासरांचा हंगाम, म्हणून त्यांनी कॅरव्हॅन वासरांच्या खाद्याची पोती ठेवायला नेली होती. बाक काढून टाकले होते. गाडीच्या तळाला एका जागी भोक पडलं होतं.

"वॉरंट?"

"डिसेंबरपर्यंत," ट्रेव्ह म्हणाला. मला वाटलंच होतं.

"प्लॉट सोडल्याचा फॉर्म तुम्ही सही केलेला नाही."

"नाही."

"विसरलात?"

नोलीन म्हणाली, "पडदे वर माळ्यावर आहेत. धुवावे लागतील."

सकाळी फार्मवर भेटायचं ठरवून आम्ही निघालो. येताना अण्णा गाडीत झोपले. मी त्यांना घरी सोडलं, सईच्या केकचा एक तुकडा उभ्यानं खाल्ला आणि पत्र लिहायला बसले: वय मोजण्यात चूक झाली, ती चूक मी केली, नियमातल्या अमुक वाक्यानुसार प्लॉट चौदाचा हक्क कायम आहे. खाली सही, सुषमा, पूर्ण नावानं. अण्णांचा उल्लेख केला नाही. रजिस्टर माझं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला निघाले. पार्कची यूट, म्हणजे मागे उघडा हौदा असलेली गाडी, त्या आठवड्यात माझ्याकडेच होती. मालकीनं ती ग्रेगची. फार्मवर पोचले तेव्हा पोती बाहेर काढून झाली होती आणि ट्रेव्ह कॅरव्हॅनच्या टायरमध्ये हवा भरत होता. त्यानं हूक लावला, मागचे दिवे लागतात का ते मी पाहिलं, आणि ओढत आणली. चढणीवर मागे सहा गाड्या तुंबल्या, त्यांना दोनदा बाजूला घेऊन वाट दिली. सव्वाआठला चौदा नंबरवर लावली, विजेची वायर जोडली. आतून वासरांच्या खाद्याचा वास येत होता. ट्रेव्ह भोकाचं माप घ्यायला गुडघ्यांवर बसला.

मी ऑफिस उघडलं आणि ग्रेगला फोन लावला.

"चौदा नंबर भरला आहे," मी म्हटलं. "एक जुलैला एकोणीस वर्षं आठ महिने. नोंदणीची प्रत आणि माझं पत्र तुमच्या टेबलावर ठेवतेय. त्या जागी केबिन टाकायची असेल तर दुसरी जागा बघा."

तो म्हणाला, "सू, असं आणखी कुठं झालंय?"

"माहीत नाही," मी म्हटलं, आणि फोन ठेवला. दहा पत्रं राहिली होती. दहापैकी सात जण केव्हाच निघून गेले होते. मी त्यांच्या कागदांची फाइल काढली, रजिस्टर शेजारी ठेवलं, आणि पहिल्या ओळीपासून मोजायला लागले, पुरी झालेली वर्षं.